समावेशित शिक्षणासाठी नियमित वर्गाच्या शिक्षकाची तयारी नेमकी कशी व्हावी?

प्रश्न : एक प्राथमिक शिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र सांभाळते. तिसरीतला एक मुलगा ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजांसह जशीच्या तशी सांगतो, परंतु त्याच गोष्टीतील चार ओळी फळ्यावरून उतरवायला बसला की त्याचा हात थांबतो. तो ‘किरण’ऐवजी ‘करिण’ लिहितो, ‘घर’ आणि ‘धर’ यांत गोंधळतो आणि ‘त्रेपन्न’ म्हटले की ३५ लिहितो. वर्षभर मी त्याच्याकडून शुद्धलेखनाची पानेच्या पाने लिहून घेतली, याचे आज मला मनापासून वाईट वाटते.

आम्हाला समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत नियमित वर्गातच शिकवण्याचे, दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते. त्यात दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारची अपंगत्वे आणि त्यांची लक्षणे पडद्यावर दाखवण्यात आली. या मुलाला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचण) असू शकेल एवढे त्यावरून वाटले, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला काय आणि कसे शिकवायचे, हे काही कळले नाही. आपल्यापैकी ज्यांना हे जमले, ते नेमके कशातून शिकले, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम केलेल्या एक मॅडम

मॅडम, आपण मुलाच्या चुका इतक्या नेमक्या टिपल्या आहेत की अर्धे काम झालेच आहे. आता त्या चुका त्याच्या बाजूने वाचून पाहा. ‘किरण’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो आणि मग ‘इ’. मूल त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे आधी क काढते आणि मग वेलांटी. परंतु आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येत असल्याने ती पुढच्या ‘र’ला जाऊन चिकटते आणि ‘करिण’ तयार होते. ‘त्रेपन्न’मध्येही आधी तीन ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून तो ३ आधी लिहितो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असे वाचन दिले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता. अशा मुलांसोबत बसलेल्या आम्हा शिक्षकांना मात्र त्यामागचे कारण लगेच उमगले होते. म्हणजे हा मुलगा निष्काळजी नाही, तो ऐकलेल्या क्रमाशी अगदी प्रामाणिक आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांचा गोंधळ वेगळा, तो आकाराचा आहे, आणि त्याला उपायही वेगळा लागतो.

म्हणून ‘कि’, ‘पि’, ‘दि’ ही अक्षरे वेलांटीसह एकसंध कार्डांवर द्यावीत, रव्याच्या ताटलीत बोटाने गिरवताना त्याने ती मोठ्याने म्हणावीत. संख्येसाठी दशकाचे आणि एककाचे कार्ड वेगळे ठेवावे. फळ्यावरून उतरवून घेणे काही काळ बंदच करावे आणि परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी घ्यावीत. मात्र त्याआधी त्याची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, कारण मागच्या ओळीत बसलेल्या कितीतरी मुलांना केवळ फळा दिसत नसतो. मला हे कोणत्याही पदविकेने शिकवले नाही. एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी मुलांच्या वह्यांचा ढीग पुढ्यात ठेवून चूक कशी वाचायची हे दाखवले, तेव्हा ते कळले.

उत्तर : बी.एड. महाविद्यालयातील एक प्राध्यापक

मॅडमशी मी सहमत आहे, परंतु सगळा भार वर्गशिक्षिकेवर टाकणे मला योग्य वाटत नाही. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार अध्यापनात बदल करणे, हे २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १६ने संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे, आणि कलम १७ने शिक्षक व कर्मचाऱ्यांना त्यासाठी प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. हे शिक्षक नियमित वर्गात येऊन वर्गशिक्षकाच्या सोबतीने शिकवू लागले, तर तेच खरे सेवांतर्गत प्रशिक्षण ठरेल. मुलाला वर्गाबाहेर काढून नेण्याने वर्गशिक्षक काहीच शिकत नाही.

आमच्या बाजूची उणीवही मान्य केली पाहिजे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि ‘समावेशक शाळेची निर्मिती’ हा विषय त्यात आला, परंतु तो अर्ध्या विषयाएवढाच आहे आणि विद्यार्थी तो व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होतात. शालेय अनुभवाच्या २० आठवड्यांत पाठांची संख्या मोजली जाते, मात्र एखाद्या मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकले का, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक छात्राध्यापकाने या काळात एकाच मुलाची वही आठवड्यामागून आठवडा वाचावी आणि त्यावरच तोंडी परीक्षा द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : एक पालक

माझ्या मुलीला पाचवीत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळाला, याचा उपयोग निश्चित झाला. परंतु एका शिक्षकांनी भर वर्गात तिला ‘सवलतीची मुलगी’ म्हटले आणि त्यानंतर दोन आठवडे ती सकाळी पोट दुखते म्हणून घरीच राहिली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुलांविषयी वर्गात कसे बोलावे, यासाठीही वेळ ठेवावा, एवढीच विनंती आहे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल शाळा सुटल्यावर मी त्याच्या जूनपासूनच्या वह्या पुन्हा काढल्या. ‘पिवळा’चे ‘पविळा’ झाले आहे, परंतु ‘जीभ’, ‘मीठ’, ‘बशी’ हे शब्द प्रत्येक वेळी बरोबर आहेत, कारण दीर्घ वेलांटी अक्षराच्या नंतर येते. हे सगळे माझ्याच लाल शाईच्या खुणांखाली होते आणि मला दिसले नव्हते. आज त्याच्यासाठी ‘पि’ आणि ‘कि’ची कार्डे केली, तर त्याने स्वतःहून ‘दि’चेही मागितले. पुढच्या महिन्यातील आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत अर्धा तास मिळावा, अशी केंद्रप्रमुखांना विनंती केली आहे. मुलाचे नाव झाकून या वह्यांची पाने मी तेथे ठेवणार आहे आणि इतर शाळांतील शिक्षकांनाही एकेक वही आणायला सांगणार आहे. मॅडम, ‘घ’ आणि ‘ध’साठी आपण काय करत होता, तेही लिहावे.