म्हाळ ‘सेलिब्रेट’ करतात काय?

देवगडचो काको:
म्हाळाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची, तारीख कळवायला घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मुंबईच्या पुतण्याचं उत्तर: ‘काका, यंदा आजोबांचा म्हाळ कसा सेलिब्रेट करायचा?’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “केक घेवन ये म्हणान सांग तेका.”
सेलिब्रेट म्हणजे आनंद करणं. म्हाळ घालतात, सुतक पाळतात. आपल्याकडे गणपती आणतात, शिमग्यात होम लावतात, पालखी नाचवतात, नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडतात. एवढी क्रियापदं असताना सगळ्याला एकच शब्द कशाला?

वसईकरीण:
पोराला एवढं झोडू नका. हा शब्द मुळात आनंदाचा नाहीच. लॅटिनमध्ये ‘सेलेबर’ म्हणजे माणसांनी गजबजलेलं ठिकाण. त्यावरून पुष्कळांनी जमून विधी करणं. सेलिब्रिटी त्याच घरातली. आमच्या चर्चमध्ये मृतांसाठीची मिस्सासुद्धा इंग्रजीत ‘सेलिब्रेट’च होते, आणि तिथे केक नसतो. म्हाळाला भावकी जमते ना? मग झालं!

देवगडचो काको:
पुतण्याला लॅटिन येत असतं तर मी स्वतः केक आणला असता. शब्दाचा पणजोबा कोण होता यावरून आजचा अर्थ ठरत नाही. खुद्द इंग्रज गुड फ्रायडे ‘ऑब्झर्व्ह’ करतो आणि ख्रिसमस ‘सेलिब्रेट’. हा फरक त्याला कळतो, आपण का पुसायचा?

वसईकरीण:
तोच इंग्रज हल्ली अंत्यविधीलाही ‘सेलिब्रेशन ऑफ लाइफ’ म्हणतो.

मास्तर, रत्नागिरी:
आधी आपलं घर झाडू. चौकातल्या फलकावर ‘पुण्यतिथी साजरी’ वाचून कोणाला खटकतं? साजरा म्हणजे खरं तर देखणा, शोभणारा. दुरून डोंगर साजरे असतात ते तेच. तोही शब्द घसरत इथवर आला, आणि कोणी दुखवटा पाळला नाही. शिवाय सण साजरा, दिवाळी साजरी, लग्न साजरं, दरवेळी लिंग सांभाळा. ‘सेलिब्रेट’ला ती कटकट नाही. पोरं तो उचलतात ते बरंचसं यामुळे, असं माझं मत. (वर्गात मीही उचलतो. पण फलकावर नको.)

सावंतवाडीचो:
लॅटिन-बिटिन ऱ्हवांदे. माणसांनी गजबजता ती जत्रा, आणि जत्रा कोण ‘करणा’ नाय, ती भरता! आंगणेवाडीक जावन बघा. ह्या ‘भरता’ इंग्रजीत सांगून दाखवा बघू.

देवगडचो काको:
‘भरता’पुढे हात टेकले. म्हाळाचं मात्र मागे घेत नाही. आणि हे सगळं पुतण्याला पाठवलं, तर आत्ता दुरुस्ती आलीय: ‘सॉरी काका. म्हाळ कसा ऑब्झर्व्ह करायचा?’