मदत हवी आहे: 'दहाही जणी पंढरीला', गूढ शब्दकोड्याची थीम सापडत नाही (उत्तर नको, वाट दाखवा)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी.

माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत. जुन्नर तालुक्यात त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी आषाढीच्या आधी ते पट्टीनं आखलेलं एक गूढ शब्दकोडं आम्हा सगळ्या भाचरांना पाठवतात. उत्तर एकादशीच्या सकाळी फोनवर सांगायचं आणि घरातल्या कुणाला विचारायचं नाही, एवढाच नियम. बाहेर विचारलं तर चालेल का, असं मी या वेळी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "वाट विचार, पत्ता विचारू नकोस." म्हणून हा धागा. सहा वर्षं झाली, एकदाही कोडं पूर्ण सुटलेलं नाही. यंदा सोडवायचंच आहे.

ज्यांनी गूढकोडी सोडवली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शोधसूत्रात सहसा दोन भाग असतात, एक अर्थ आणि दुसरा शब्दखेळ. दोन्हींतून एकच उत्तर निघायला हवं. कंसातला आकडा घरांचा. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. उदाहरणार्थ याच कोड्यातलं एक साधं सूत्र: 'उलटलेला डाव गरम तेलातून निघतो (२)'. डाव उलटा केला की वडा. दुसरं मला फार आवडलेलं: 'नाही म्हणालास तरी तू दुधावरची साय (२)'. ना अधिक तू, म्हणजे नातू.

आता अडचण. कोड्याचं नाव आहे 'दहाही जणी पंढरीला'. खाली मामांची सूचना: 'चांदणी केलेल्या दहा शोधसूत्रांत फक्त शब्दखेळ आहे, अर्थ दिलेला नाही. दहाही जणी एकाच वाटेला लागतात. मधल्या आडव्या शब्दात ती वाट सापडेल.'

दहापैकी चार सुटल्यात असं वाटतं:

'मुळाक्षरांचा पूर्वार्ध (२)' = मुळा. (मी आधी दोन दिवस स्वर मोजत बसले होते!)

'हिंदी राणी पाठमोरी (२)' = रानी उलटी, नीरा.

'इंद्राच्या बायकोच्या पोटात यमाचे पहिले पाऊल (४)' = इंद्राणीच्या पोटात य, इंद्रायणी.

'सत्यभामेने सत्य सोडले (२)' = भामा.

पहिली तीन हातात आली तेव्हा मला खात्री होती की थीम खाण्यापिण्याची आहे. मुळा, नीरा आणि इंद्रायणी तांदूळ. त्यात पंढरी, म्हणजे सावता माळ्यांच्या अभंगातला कांदा-मुळाच असणार. मग भामा आली आणि सगळं बिनसलं. 'जणी' म्हटलंय म्हणून मग बायकांची नावं घेऊन पाहिली. जनाबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा अशी यादीही केली. नीरा, भामा, इंद्रायणी बसतात, पण मुळा नावाची बाई कुठून आणू?

न सुटलेली ही:

'वारा आकार घेतो (३)'
'काकडीची सुरुवातच वाईट (३)'
'अडीच घरे चालणारा काना गमावून बसला (२)'. इथे 'कान' असं हवं होतं का? मामांच्या हातून कधी चूक होत नाही, म्हणून विचारते.
'कऱ्हाडचे शेवटचे घर पडले (२)'. इथे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं घर वगैरे डोक्यात येतंय.
'मुलुंड, ठाणे: फक्त सुरुवात (२)'. याचं 'मुठा' होतंय, पण असा शब्द नाही. मूठचं अनेकवचन मुठी. म्हणून खोडलं.
'झकास, पण उलट्या पावली (२)'. नातूचा ना यात दुसरं अक्षर आहे, म्हणजे _ना.

मधला आडवा शब्द: 'शशीपुढे भागाकाराची आज्ञा (४)'. भामाचा भा इथे तिसऱ्या घरात येतो.

---

काना_मात्रा

मामांना माझा नमस्कार सांगा. 'वारा आकार घेतो' वाचून मी खुर्चीतून उठलो. इतकं स्वच्छ शोधसूत्र मराठीत क्वचित दिसतं.

इंग्रजी गूढकोड्यांत एक जुना दंडक आहे. कोडेकार जे बोलतो तेच त्याच्या मनात असायला हवं असं नाही, पण जे मनात आहे ते त्याने बोललेलंच असलं पाहिजे. तुमचे मामा तो तंतोतंत पाळताना दिसतात. तेव्हा 'कान हवं होतं का' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्यांनी काना लिहिलंय, तर काना म्हणजे कानाच. शब्द नाही, चिन्ह. तसंच 'आकार'. त्याचा रोजचा अर्थ विसरा आणि पहिलीत बाई 'अकार, आकार, इकार' म्हणायच्या तो आठवा.

आपल्या लिपीची ही गंमत रोमन लिपीतल्या कोडेकाराला मिळत नाही. त्याच्याकडे अक्षर काढता येतं नाहीतर घालता येतं. आपण अख्खं अक्षर जागेवर ठेवून त्याचा नुसता काना उपटू शकतो.

---

आडवे_उभे

वाट दाखवायची आहे ना, मग मी एकच प्रश्न विचारते. मामांनी 'दहाही जणी' लिहिलंय. तो मुळा की ती मुळा?

आणि जो शब्द तुम्ही खोडलात तो मुळ्याशेजारी ठेवून दोन्ही एका दमात मोठ्यानं म्हणा.

---

संत्राबर्फी

मुळा-मुठा!

अहो, मी नागपूरची. मुळा म्हटला की मला भाजीवालाच दिसतो, पण इतकंही कळू नये! भूगोलाच्या मास्तरांचं कोडं आणि मी स्वयंपाकघरात शोधत होते. नद्या आहेत या. इंद्रायणी आळंदीची, नीराही नदीच. भामा नावाची नदी असते का, हे तेवढं सांगा.

वारा = पवन, त्याला आकार म्हणजे पवना. आता कळलं, काना_मात्रा.

अडीच घरं बुद्धिबळातला घोडा चालतो. काना गेला की 'घोड'. हीसुद्धा नदी?

---

घाटमाथा

आहे तर. घोड भीमाशंकरच्याच डोंगररांगेतून येते. घोडेगाव, मंचर हा तिचा भाग. भामा खेड तालुक्यातली, तिच्यावर भामा-आसखेड धरण आहे. तुम्ही कऱ्हाडात अडकलात, कारण मामांनी तुम्हाला मुद्दाम दुसऱ्या खोऱ्यात पाठवलंय. कऱ्हाडशी तिथे काही घेणंदेणं नाही. 'घर' म्हणजे कोड्यातलं घर. क, ऱ्हा, ड. शेवटचं पाडा.

काकडीसाठी एवढंच सांगतो: वाईट मुलगा कुपुत्र, वाईट कीर्ती कुप्रसिद्धी.

---

संत्राबर्फी

कऱ्हा! आणि का च्या जागी कु, कुकडी. या दोन्ही मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. नकाशा उघडून पाहिल्या तेव्हा विश्वास बसला.

आता एकच उरली, _ना. नदीच हवी, म्हणजे सीना. बरोबर ना? शब्दखेळ नीट जुळत नाहीये, पण दुसरी कुठली नदी सापडत नाही. 'झकास' साठी हिंदीत छाती फुगवून वगैरे काही असेल का?

---

सोलापुरी_चादर

सीना आमची, म्हणून राहवत नाही. सीना नाही बसणार.

कोड्याचं नाव परत वाचा. दहाही जणी पंढरीला. आमची सीना नगरकडून येते, सोलापूर जिल्हा ओलांडते आणि भीमेला मिळते दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलला. पंढरपूर तोवर कितीतरी मागे राहिलेलं असतं. सीनेचा एक थेंबही विठोबाच्या पायरीशी जात नाही. भूगोलाचा शिक्षक ही चूक करणार नाही.

(कुडलला कधी गेलात तर संगमेश्वराचं देऊळ जरूर बघा. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथे आहे. संगमावर उभं राहिलं की दोन रंगांचं पाणी वेगळं दिसतं, निदान मी गेलो तेव्हा दिसत होतं.)

शब्दखेळाकडे बघा. झकासला मराठीतच प्रतिशब्द शोधा, दोन अक्षरी. 'ना' पुढे ठेवून.

---

संत्राबर्फी

ना_... नाजूक नाही... नामी! नामी युक्ती, नामी संधी. उलट केलं की मीना.

मीना ही नदी आहे?

---

घाटमाथा

आहे. नारायणगाव मीनेच्या काठी आहे. वडजचं धरण तिच्यावरच. तुमचे मामा जुन्नर तालुक्यात शिकवायचे म्हणालात, तर त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं हिच्यात पोहायला शिकली असतील.

आता सीनेची कसोटी बाकीच्यांनाही लावून पाहू. मला तर वाटतं कोड्याचा खरा जीव इथेच आहे. पवना दापोडीजवळ मुळेत येते. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात आणि पुढे रांजणगाव सांडसला भीमेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेत. भामा थेट भीमेत. कुकडी आणि मीना घोडेत जातात, घोड भीमेत. कऱ्हा आधी नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. सगळे संगम पंढरपूरच्या वरच्या अंगाला. एकही जण चुकलेली नाही. ही दहा नावं निवडायची, त्यातून सीनेसारखी जवळची पण न चालणारी बाजूला ठेवायची आणि तिच्यासाठी तुम्हाला बरोबर _ना या खड्ड्याशी आणून उभं करायचं, हे काम एका रात्रीत होत नाही.

---

आडवे_उभे

मला यावरून इंग्लंडमधला एक कोडेकार आठवला. 'अरोकारिया' या नावानं तो अनेक दशकं गार्डियनमध्ये कोडी रचायचा. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या कोड्यावर एक टीप होती आणि तिच्यातल्या आकड्यांच्या जागी त्या-त्या क्रमांकाच्या सूत्रांची उत्तरं भरली की स्वतःला कर्करोग झाल्याची बातमी त्यानं वाचकांना दिलेली होती. थीमच्या कोड्यात माणूस स्वतःची गोष्ट कुठेतरी ठेवतोच. मामांनी मीना उगाच घेतलेली नाही. पुणे जिल्ह्याबाहेर ती किती जणांना माहीत असेल?

मधला शब्द सुटला का?

---

संत्राबर्फी

मी 'भीमा' लिहायला गेले, पण घरं चार. आणि तिसऱ्या घरात भा. शशी म्हणजे चंद्र, हे आल्यावर मात्र वेळ लागला नाही. 'भागाकाराची आज्ञा' म्हणजे गणिताच्या पुस्तकातलं 'भागा'. चंद्रभागा.

भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, हे मामांनीच मी चौथीत असताना सांगितलं होतं. वहीत चित्र काढून दिलं होतं. ते आठवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

काना_मात्रा, आडवे_उभे, घाटमाथा, सोलापुरी_चादर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पत्ता कुणीच दिला नाहीत, वाटच दाखवलीत.

---

काना_मात्रा

एकादशीला मामा काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.

---

संत्राबर्फी

आज सकाळी साडेसहाला फोन केला. दहाही नावं आणि मधला शब्द सांगितला. त्यांनी शाबासकी दिली नाही. आधी विचारलं, "सीना का नाही घेतलीस?"

मी म्हटलं, "ती कुडलला मिळते, पंढरपूरच्या खाली."

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, यंदा सात जणांनी उत्तर दिलं, पाच जणांनी सीना लिहिली. आणि मला विचारलं, नागपूरहून नारायणगावला कधी येतेस, मीना दाखवतो. पाऊस चांगला झालाय, पाणी आहे म्हणाले.

पुढच्या शनिवारची तिकिटं काढली आहेत.