व्हिटॅमिन डीच्या पुड्या चालू आहेत, पंप कमी करता येईल का?

मेथीची जुडी
लेक अकरा वर्षांचा, पाचव्या वर्षापासून दमा. स्टिरॉइडचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायची ती नळी), सकाळी दोन फवारे, रात्री दोन. पावसाळा बरा गेला म्हणून मी निर्धास्त होते. दिवाळीनंतर मात्र रात्री तीनच्या सुमाराला खोकला. उठून बसतो, मी पाठ चोळत राहते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी १३ निघालं. ६०,००० ची पुडी, आठवड्याला एक, आठ आठवडे. परवा तिसरी झाली. कोमट दुधात कालवून देते, पठ्ठ्या तळाचं चाटूनपुसून घेतो.

आता घरात नवीनच पंचाईत. सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर आलंय की दमा डी कमी असल्यामुळेच होतो, ते भरून निघालं की पंप सुटतो. ‘पोराला पंपाची सवय लावलीस’ हे मी सहा वर्षं ऐकतेय, आता त्याला पुरावा मिळाला! डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोपर्यंत रात्रीचे दोन कमी करून बघू का? कुणाचा अनुभव?

जुना दमेकरी
ताई, नका करू. चौतीस वर्षं दम्याबरोबर संसार केलाय, म्हणून हक्काने सांगतो.

माझं डी ९ होतं. पुड्या घेतल्या, पायांचे गोळे दुखायचे ते थांबले, जिना चढताना मांड्या भरून यायच्या तेही गेलं. दमा होता तिथेच. सासरेबुवा अगदीच हवेतलं बोलत नाहीयेत बरं का. २०१६ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला होता, डी दिल्याने दम्याचे मोठे झटके कमी होतात असा. तेव्हा मीही हुरळलो होतो. २०२३ मध्ये त्यांनीच तो नव्याने केला, २० अभ्यास धरून, आणि फायदा दिसत नाही म्हणाले. त्याआधी २०२० मध्ये अमेरिकेत दमा असलेली आणि डी कमी असलेली १९२ मुलं घेतली होती, सहा ते सोळा वयाची. निम्म्यांना रोज ४,००० युनिट, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. झटक्यांत फरक पडला नाही.

म्हणजे पुड्या बंद करा असं नाही. १३ कमीच आहे, वाढत्या वयात हाडांना हवंच. फक्त ते खातं वेगळं, पंपाचं वेगळं.

गच्चीवरचा
पुड्या कशाला? सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसवा अर्धा तास. आमची आजी हेच करायची.

जुना दमेकरी
@गच्चीवरचा, आजीला नमस्कार, पण कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळपास नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, आणि ते काचेआडून चालत नाही. शाळेच्या वेळेत ते कुठून आणणार?

गोळीवाली
औषधांच्या दुकानात बसते, दोन गोष्टी सांगते.

एक, पुडी आठवड्याचीच राहू द्या. आमच्या एका गिऱ्हाइकाने ती रोजची समजून महिनाभर घेतली. उलट्या, तहान, पोट साफ नाही. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही.

दुसरी महत्त्वाची. मुलगा रात्री खोकून उठतोय म्हणजे दमा आटोक्यात नाही. पंधरा दिवस थांबू नका, उद्याच फोन करा. धाप लागून वाक्य पुरं होत नसेल किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा. आणि मला सांगा, हा पंप आणलात कधी? बऱ्याच पंपांत १२० फवारे असतात. रोजचे चार म्हणजे तीस दिवस. औषध संपलं तरी आतला वायू फुस्स करत राहतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं चालू आहे. मागे आकडा दिसतो का बघा.

मेथीची जुडी
गौरी आल्या त्या दिवशी आणला होता. पक्कं आठवतंय, फुलोऱ्याचं सामान आणि पंप एकाच पिशवीत होते. म्हणजे दसऱ्याच्या आसपासच संपला असणार. आत्ता उलटा करून बघितला, बारक्या खिडकीत ०. आणि मी रोज सकाळ-रात्र ‘ओढ, दहा मोज’ करत उभी!

डॉक्टरांना आत्ताच फोन केला. रोजचा पंप नवीन आणून ठरल्याप्रमाणे चालू करा म्हणाले, धाप लागली तर निळा, लगेच आराम देणारा पंप, आणि उद्या सकाळी दाखवायला या. पुड्या आहेत तशाच.

सासऱ्यांनी चष्मा लावून तो ० दोनदा बघितला. काही बोलले नाहीत. चिठ्ठी घेतली, चपला घातल्या आणि पंप आणायला गेले.