पानगळ शिशिरात, शरदात वापसा

शरद ऋतूवरच्या या चर्चेत एका प्रतिसादात म्हटले आहे की शरद म्हणजे पानगळ आणि ऑक्टोबरचा उकाडा. यातले पानगळीचे विधान आपल्या मराठवाड्याला लागू पडत नाही. आपल्याकडे साग आणि पळस यांची पानगळ प्रामुख्याने शिशिरात होते. आश्विनात ही झाडे हिरवीगार असतात. ऑक्टोबरच्या उकाड्याविषयी मात्र मी पूर्ण सहमत आहे, कारण ढग हटून ऊन थेट पडते आणि जमिनीत पावसाचे पाणी अजून शिल्लक असते.

या चर्चेत राहून गेलेली शरदाची खूण मातीतच आहे. हस्त नक्षत्राचा पाऊस उघडला की माझे वडील रोज सकाळी काळ्या रानात जाऊन चार बोटे खोल माती उकरत, मुठीत दाबून पाहत, आणि ती हाताला न चिकटता तिचे ढेकूळ अंगठ्याने हलकेच फुटले, म्हणजे वापसा (पेरणीजोगी ओल) आला असे समजून रब्बी ज्वारीसाठी तिफण (तीन फणांचे पेरणीचे अवजार) जुंपत. पुढे हे कोरडवाहू पीक मुख्यतः भारी जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच पोसते, म्हणून वापशाचे ते चार-सहा दिवस साधणे फार मोलाचे असते. त्याच सुमारास उत्तरेकडून आलेले परीट पक्षी तिफणीच्या मागे शेपटी हलवत किडे टिपू लागतात.