‘डेटासेट’ला मराठीत काय म्हणता?

ऐरोलीकर : ठाण्यात नववी-दहावीच्या मुलांना शिकवते. संख्याशास्त्राच्या तासासाठी जमवलेल्या छोट्या डेटासेटची (मोजून मांडलेल्या आकड्यांच्या याद्यांची) पुस्तिका करून बाकीच्या शिक्षकांना फुकट वाटायची आहे. जांभळी नाक्यावरून आणलेल्या ११ गजऱ्यांतल्या कळ्या मुलांनी मोजल्या. दहांत ३८ ते ४४, एकात ७१. सरासरी का सरकली आणि मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) का हलला नाही, हे त्या एका गजऱ्यामुळे मुलांना लगेच कळलं. मुखपृष्ठावर ‘विदासंच’ (विदा म्हणजे डेटा) लिहून दिलं, तर टायपिंगमध्ये दोनदा ‘विद्यासंच’ होऊन आलं. दुसरा शब्द आहे का?

तलावपाळी : विदा सोडू नका. विद् म्हणजे जाणणे, शब्द अस्सल आहे. वापरला तरच रुजेल.

नेरूळ पूर्व : माझ्या आईला ‘विदा’ म्हटलं की मुलीची पाठवणी आठवते. नववीच्या पुस्तकात सरळ ‘सामग्री’ आहे, प्राथमिक सामग्री, दुय्यम सामग्री. तेच घ्या.

तलावपाळी : सामग्री पूजेची असते हो. आणि व्युत्पत्तीच बघायची तर लॅटिन डेटम म्हणजे ‘दिलेलं’, आपला ‘दत्त’ त्याच्याच कुळातला. भूमितीत ‘पक्ष’ लिहायचो तेही दिलेलंच.

ऐरोलीकर : पण कळ्या कुणी दिलेल्या नाहीत, मुलांनी बोटांनी मोजल्यात. मला ते शब्दात यायला हवंय.

कोपरखैरणे : माझा आक्षेप ‘संच’ला आहे. गणितातल्या संचात तोच घटक दोनदा धरत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेली आयरिस फुलांची मापं घ्या, ३ जाती, प्रत्येकी ५० फुलं. ‘आर’ (R) या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीतल्या प्रतीत १०२ आणि १४३ या ओळी हुबेहूब सारख्या आहेत. संच म्हणालात तर १५०ची १४९ होतील, आणि एक खरं फूल हातचं जाईल.

नेरूळ पूर्व : भांड्यांच्या संचात सहा वाट्या सारख्याच असतात! गणितवाल्यांनी शब्द विकत घेतलाय का?

कोपरखैरणे : पुस्तिका गणिताच्याच वर्गात जाणार आहे ना?

वाशी सेक्टर १७ : वडील बाजारसमितीत कांद्याच्या गाळ्यावर होते. रोजची आवक लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवायचे, तिला ‘नोंदी’ म्हणायचे. एखाद्या दिवशी गाड्या आल्या नाहीत तर ‘०’ लिहायचे, रकाना कोरा ठेवायचे नाहीत. ‘नोंदी’मध्ये लिहिणारा माणूस दिसतो.

ऐरोलीकर : हा शब्द आवडला. ‘संख्याशास्त्रासाठी छोट्या नोंदी’?

तलावपाळी : नोंदी म्हटलं की रोजनिशी वाटते. शिवाय आता ‘सांख्यिकी’ म्हणा, पाठ्यपुस्तकातलं प्रकरण त्याच नावाचं आहे.

कोपरखैरणे : सांख्यिकी सरकारी वळणाचा. माझ्या पदवीवर संख्याशास्त्र छापलंय, आणि मी तेच म्हणणार.

तलावपाळी : पदवीवर काय छापलंय त्यावरून भाषा ठरत नाही. महाराष्ट्र शासनाचं संचालनालयसुद्धा ‘अर्थ व सांख्यिकी’चंच आहे.

नेरूळ पूर्व : ताई, तो ७१ कळ्यांचा गजरा दुपदरी होता का?

ऐरोलीकर : हो, दुपदरी. मुलांनी समासात तसं लिहूनही ठेवलंय.