मदत हवी आहे: दादासाठी एएची मीटिंग कशी शोधायची?

नमस्कार मंडळी, दादाने दारू सोडून आज 19 दिवस झाले, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते असं डॉक्टर म्हणाले होते म्हणून त्यांच्या औषधांवरच सोडली. दिवस कसाबसा जातो पण संध्याकाळी सात वाजले की त्याची चुळबुळ सुरू होते, चप्पल घालतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. बघवत नाही हो. काल स्वतःच म्हणाला, मला माझ्यासारख्या कोणाशी तरी बोलायचंय, तुम्हाला नाही कळणार.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) 1935 पासून आहे, फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, इतकं मला माहितीय. पण मीटिंगची जागा-वेळ कशी कळते, हेल्पलाइनला त्यानेच फोन करायचा की मी केला तरी चालतो? ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात ना, मग पहिल्यांदा मी सोबत जाऊ का एकट्यालाच जाऊ देऊ? गेल्या गेल्या बोलावंच लागतं का, त्याला त्याचीच धास्ती आहे. संध्याकाळची मिळाली तर फार बरं, ऑनलाइन असली तरी चालेल. आणि आईसाठी दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाचं, म्हणजे अल-अ‍ॅनॉनचं पण सांगा कोणीतरी, ती रात्र रात्र जागते.

जे स्वतः यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा, पर्सनल मेसेज केला तरी चालेल.