नुसतं बँक खातं मिळाल्याने गरिबी हटते का?

चौकस:
अभ्यासगटासाठी गरीब देशांतल्या वित्तसेवांवर टिपण लिहितेय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. जागतिक बँकेच्या फिनडेक्स सर्वेक्षणानुसार 2011 मध्ये जगातल्या जेमतेम निम्म्या प्रौढांचं खातं होतं, 2021 मध्ये 76 टक्क्यांचं. एवढी खाती उघडली, पण त्याने गरिबाच्या घरात बदललं काय? 2006 मध्ये मुहम्मद युनूस आणि त्यांच्या बांगलादेशातल्या, गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं तेव्हा छोट्या कर्जांवर केवढी भिस्त होती! ती खरी ठरली का?

रानपाखरू:
कर्जापुरतं सांगतो. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा अभ्यास 2015 मध्ये एकत्र छापून आले. काहींना धंदा वाढवता आला, पण घरांचं सरासरी उत्पन्न फारसं हललं नाही.

हिशेबी:
रानपाखरू यांच्याशी सहमत. पण कर्जावरच सगळी चर्चा अडकते याचं मला फार वाईट वाटतं. गरिबाला आधी हवी असते पैसा ठेवायला सुरक्षित जागा, आणि अडीनडीला आपल्या माणसांची मदत वेळेत पोचायची सोय.

2006 ते 2009 मी पश्चिम केनियात, किसुमूला, एका गोदामात हिशेब लिहायचे. तिथे नैरोबीतला मुलगा आईला पैसे पाठवायचा ते पाकिटात घालून, बसवाल्याच्या हाती. पोचले तर पोचले. मार्च 2007 मध्ये मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय देणारं एम-पेसा आलं आणि बघता बघता त्याच्या टपऱ्या झाल्या. एजंट जाड वहीत नाव, ओळखपत्राचा नंबर, रक्कम लिहून घ्यायचा, तुम्ही सही करायची, की नोटा हातात. आमच्याकडे काम करणाऱ्या एका बाईंचा नवरा अचानक आजारी पडला. दुपारपासून फोनवर एकेक मेसेज येत गेला: भाऊ, मावशी, मग नैरोबीतली मैत्रीण. रक्कम थोडी थोडीच, पण संध्याकाळपर्यंत दवाखान्याची सोय झाली. विकायला काढलेली शेळी दावणीलाच राहिली.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच मोजलं. आजारपण, पीक बुडणं असं संकट आलं की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी घसरायचा, वापरणाऱ्यांचा घसरला नाही. 2016 च्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे एम-पेसामुळे 1,94,000 कुटुंबं, म्हणजे केनियातली 2 टक्के, गरिबीतून वर आली.

बचतीचंही तसंच. पास्कलिन दुपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांच्या प्रयोगात केनियातल्याच बाजारातल्या विक्रेत्या बायकांना खाती दिली. व्याज शून्य, वर पैसे काढायला शुल्क! तरी बायकांनी पैसे ठेवले आणि धंद्यात जास्त माल भरला. घरात पैसा दिसला की मागणारे चार जण उभे राहतात, आणि त्यांना नाही म्हणणं सोपं नसतं. सायकल-टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांवर मात्र परिणाम दिसला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना नुसती कुलपाची पेटी दिली, किल्ली त्यांच्याकडेच. तेवढ्यानेही आरोग्यासाठी बाजूला पडणारा पैसा वाढला.

चौकस:
शेळीचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. मग खाती उघडली की भलंच होतं, असं लिहू का?

हिशेबी:
नका लिहू. युगांडा, मलावी आणि चिलीत लोकांना फुकट खाती काढून दिली. दोन वर्षांत पाच किंवा जास्त वेळा पैसे भरणारे युगांडात 17 टक्के, मलावीत 10, चिलीत अवघे 3. आयुष्यात फरक दिसला नाही. शाखा लांब असेल, जायला अर्धा दिवस मोडत असेल आणि हाती उरतंच थोडं, तर पासबुक कोरंच राहणार. एम-पेसाची टपरी रोजच्या वाटेवर होती. टिपणात खात्यांच्या आकड्याशेजारी त्यांत वर्षात किती वेळा पैसे भरले गेले, तो रकानाही घाला.